घरातली माशांची टाकी: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या इमारतीत कुणाकडे नवी टाकी आली की आठवड्याभरात माझ्या दाराची बेल वाजते. "ताई, पाणी दुधासारखं झालंय." "मासे वर येऊन तोंड उघडतायत." "परवा आणलेले सहाच्या सहा गेले." मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. माझ्यासारख्या कित्येकांनी काचेमागचा मासा पहिल्यांदा तिथेच, आईचं बोट धरून पाहिला आणि घरी आल्यावर हट्ट धरला. तो हट्ट पुरा करताना माशांचे हाल होऊ नयेत एवढीच माझी तळमळ आहे. जिन्यात उभ्याउभ्या दिलेली उत्तरं आता लिहून काढली आहेत.

टाकी आणि मासे एकाच दिवशी आणले. त्यात काय बिघडलं?

सगळं तिथेच बिघडतं. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत तो विरून जातो, पण दोन फुटी टाकीत जाणार कुठे? तो संपवायला जिवाणू लागतात. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, म्हणून पंप जोरात चालू असूनही मासे वर येऊन धापा टाकतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं, ते दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं.

हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वस्ती करतात, आणि ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत पाणी स्वच्छ दिसतं, फिल्टर फिरत असतो, दिवा लागलेला असतो, पण जिवाणू नसतात. अशा टाकीत बारा मासे सोडले तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून विष साठू लागतं.

परळच्या चाळीत माझी पहिली टाकी एका रविवारी संध्याकाळी आली, माशांसकट. पुढच्या दहा दिवसांत बारापैकी नऊ मासे गेले. वडील रोज सकाळी मी उठायच्या आधी मेलेला मासा काढून टाकायचे, म्हणजे मला दिसू नये. मी मात्र रोज मोजत होते. तेव्हा कुणी एवढं एकच वाक्य सांगितलं असतं, "टाकी आज घे, मासे महिन्याने", तर ते नऊ वाचले असते.

मग महिनाभर नुसत्या पाण्याकडे बघत बसायचं?

बसायचं नाही, पाणी तयार करायचं. टाकी भरा, फिल्टर चोवीस तास चालू ठेवा आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं आत टाका. ते कुजून अमोनिया तयार होईल आणि त्यावर जिवाणू पोसतील. पाणवनस्पती याच काळात लावून घ्या, त्यांची मुळं धरतात. थेंब टाकून रंग बघायचा चाचणी संच दुकानात मिळतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी तयार.

घाई असेल तर ओळखीतल्या कुणाच्या चालत्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मागून आणा. तो ओलाच आणायचा आणि लगेच आपल्या फिल्टरमध्ये बसवायचा. विरजण मागून आणतो तसंच हे आहे, आणि बाटलीतल्या कुठल्याही औषधापेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे. तरीसुद्धा पहिल्यांदा दोन-तीनच मासे सोडा आणि पुढचे दोन आठवड्यांनी.

मासे आधीच आणून झाले असतील तर दुकानात परत करता येतील का ते विचारा. नाहीतर महिनाभर दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदला आणि खाणं अगदी कमी द्या. बरेच मासे यातून तगतात.

घर लहान आहे. छोट्यात छोटी टाकी केवढी चालेल?

लोकांना वाटतं लहान टाकी सोपी. खरं उलट आहे. पाणी जितकं कमी, तितकी चूक लवकर भोवते. सुरुवातीला दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी घ्या. एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर, म्हणजे हिच्यात ५५ लिटर पाणी मावतं. पाणी, काच, खडी आणि स्टँड मिळून वजन ८० किलोच्या आसपास, म्हणजे एका माणसाइतकं. कुठल्याही खोलीला ते पेलतं.

चार फूट बाय दीड बाय दीडची टाकी मात्र अडीचशे लिटरची होते आणि सगळं धरून तीनशे किलोच्या वर जाते. जुन्या चाळीत लाकडी पाटणावर ती ठेवू नका. इमारतीतसुद्धा ती भिंतीलगत, तुळईच्या बाजूला ठेवा आणि शंका असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. कुठलीही टाकी ठेवताना खाली फोमची किंवा थर्मोकोलची शीट हवीच, नाहीतर स्टँडच्या उंचसखलपणाने तळाची काच तडकते. आणि झाकण हवंच. मासे उड्या मारतात.

गोल काचेचा बाऊल? दिसतो फार सुंदर.

नको. त्यात फिल्टर नीट बसत नाही, पाणी चार-पाच लिटर, हवेशी भिडणारा पृष्ठभाग अरुंद. "फायटर मासा तर बाऊलमध्येच ठेवतात ना?" असं हमखास विचारलं जातं. फायटरला कल्ल्यांच्या जोडीला हवेतून श्वास घ्यायचं एक जास्तीचं इंद्रिय असतं, म्हणून तो बाऊलमध्ये लवकर मरत नाही एवढंच. त्याला एकट्याला वीसेक लिटरची टाकी, संथ फिल्टर आणि दोन-चार झाडं देऊन बघा. तोच मासा दिवसभर फेऱ्या मारतो, पानाखाली झोपतो, तुम्ही जवळ आलात की काचेशी येतो.

नळाचं पाणी चालतं का?

चालतं, आणि महापालिकेचं पाणी माशांसाठी चांगलंच आहे. भातसा, तानसा, वैतरणेचं हे पावसाचं पाणी बऱ्यापैकी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. अडचण क्लोरीनची. क्लोरीन माशांचे कल्ले भाजून काढतं आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतं. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा किंवा दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला. जुने दुकानदार याला हायपो म्हणतात. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा दोन्ही करा.

आता मुंबईतला खरा धोका ऐका, जो बाहेरच्या माणसाला सांगूनही कळत नाही. सोसायटीची गच्चीवरची टाकी धुतात तेव्हा ब्लीचिंग पावडर वापरतात. त्यानंतरचं पहिलं पाणी माशांना घातक असतं. सूचना फलकावर टाकी सफाईची तारीख लागली की आदल्या दिवशी दोन बादल्या भरून ठेवा आणि सफाईनंतर दोन-तीन दिवस माशांचं पाणी बदलू नका. वॉचमनकाकांना सांगून ठेवलंत तर ते स्वतः आठवण करतात, आमचे करतात.

टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं. मॉली, गप्पी, प्लॅटी यांना ते मानवतं, टेट्रांना नाही. एका आठवड्यात नळाचं आणि पुढच्यात टँकरचं असं आलटूनपालटून घालू नका, माशांना बदलच जास्त बाधतो. आणि आरओचं पाणी माणसांसाठी ठेवा. त्यातले क्षार निघून गेलेले असतात, माशांना ते क्षार लागतात.

रात्री फिल्टर बंद केला तर? आवाज होतो आणि बिलही येतं.

या एका सवयीने मुंबईत किती मासे मेले असतील याचा विचार केला तरी वाईट वाटतं. फिल्टर म्हणजे नुसती कचरा गोळा करणारी जाळी नाही. वर सांगितलेली जिवाणूंची वस्ती त्याच्या पोटात असते आणि तिला वाहतं, ऑक्सिजनयुक्त पाणी सतत हवं असतं. रात्री झाडंही ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट वापरतात. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी तुम्ही बटण बंद करता.

बिलाचा हिशेब करू. ८ वॅटचा फिल्टर महिनाभर अहोरात्र चालला तर जेमतेम सहा युनिट होतात. आवाजाचं कारण बहुतेकदा एअर पंप थेट लाकडावर ठेवलेला असतो. त्याखाली स्पंजची घडी ठेवा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि मग फरशीवर. फिल्टरची वायर आधी खाली लोंबकळून मग प्लगकडे वर जाईल अशी ठेवा. तिच्यावरून ओघळलेलं पाणी खालीच टपकतं, प्लगपर्यंत पोचत नाही.

पाणी किती दिवसांनी बदलायचं? आम्ही महिन्याने सगळं उपसून खडीसुद्धा घासून धुतो.

सगळं कधीच उपसू नका. अशा धुलाईत जिवाणूंची वस्ती वाहून जाते आणि टाकी परत पहिल्या दिवसावर येते. "कालच एवढी स्वच्छ केली आणि आज मासे मेले" असं म्हणतात ना, ते स्वच्छ केली म्हणूनच मेलेले असतात. आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी सायफनच्या नळीने तळातून ओढून काढा, गाळही निघतो. तेवढंच क्लोरीन घालवलेलं पाणी हळू भरा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात पिळायचा. उरलेलं पाणी कुंड्यांना घाला, तुळस तरारते.

दोन फुटी टाकीत कोणते मासे ठेवावेत?

माझी आवडती सुरुवात म्हणजे आठ झेब्रा डॅनिओ. आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांचा हा मासा चिवट आहे, दिवसभर खेळतो आणि मुंबईचा उन्हाळाही काढतो. सोबत हनी गौरामीची जोडी आणि तळाला पाच-सहा कोरीडोरास. ही टाकी यावर भरली. किंवा नुसते सहा-सात नर गप्पी. निऑन टेट्रा सगळ्यांना हवा असतो, पण त्याला २२ ते २६ अंशांचं पाणी लागतं आणि आपल्या मे महिन्यात ते जमत नाही.

दुकानात "शार्क" म्हणून जे चंदेरी पिल्लू मिळतं, तो पंगॅशियस. खाण्यासाठी ज्याची शेती होते तोच हा, आणि तो मीटरभर वाढतो. ऑस्कर फूटभर होतो. "टाकीच्या मापाने मासा वाढतो" हे खोटं आहे. तो खुरटतो आणि लवकर मरतो.

टाकी साफ ठेवायला सकर, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा मासा, आणू ना?

सकर विष्ठा खात नाही. तो स्वतःच भरपूर घाण करतो आणि फूटभराहून मोठा होतो. शेवाळ काचेवरून पुसायला जुना स्पंज आणि दोन मिनिटं पुरतात.

गोल्डफिश तर सगळेच ठेवतात?

ठेवतात, आणि वर्षाच्या आत मेला की "एवढंच आयुष्य असतं" म्हणतात. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो. तो कार्पच्या कुळातला, थंड पाण्याचा, खादाड आणि घाण करणारा मासा आहे. दोन गोल्डफिशना किमान तीन-साडेतीन फुटी टाकी आणि दणकट फिल्टर हवा. तेवढी जागा असेल तरच आणा. पोट फुगून तिरका पोहू लागला तर एक दिवस उपास घडवा आणि मग उकडलेल्या मटाराचा साल काढलेला दाणा द्या.

वास्तूसाठी काळा मासा किंवा अरोवाना ठेवायला सांगितलंय.

श्रद्धा तुमची, त्यावर मी बोलणार नाही. मासा कसा राहील यावर बोलेन. चंदेरी अरोवाना अॅमेझॉनचा, तीन फुटांपर्यंत वाढतो. चार फुटी टाकीत त्याला वळताही येत नाही. आशियाई अरोवाना ही आंतरराष्ट्रीय करारानुसार संरक्षित जात आहे, कागदपत्रांशिवाय ती विकत घेणं कायद्यात बसत नाही. वास्तूसाठीच मागितला जाणारा फ्लॉवरहॉर्न हा माणसाने संकरातून तयार केलेला, भांडखोर, एकट्यानेच राहणारा मासा.

आणि मासा मेला की "त्याने घरावरचं संकट अंगावर घेतलं" असं म्हणून त्याच पाण्यात लगेच दुसरा आणू नका. आधी पाणी तपासा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

गुलाबी-निळे, अंगावर नक्षी असलेले मासे घ्यावेत का?

कृपा करून नाही. काचमासा मुळात पारदर्शक असतो. त्याच्या अंगात सुईने रंग टोचतात. कित्येक मासे तेव्हाच मरतात, उरलेल्यांचा रंग काही महिन्यांत उडतो. आपण घेत राहिलो तर टोचणारे टोचत राहतील.

क्रॉफर्ड मार्केटहून लोकलने मासे आणायचे म्हणजे?

क्रॉफर्ड मार्केट असो की कुर्ला पश्चिमेची दुकानं, गर्दीची वेळ टाळा. अकरानंतर निघा आणि तीनच्या आत घरी पोचा. दुकानात मासे निवडताना शेजारच्या मेलेल्या माशाकडेही बघा, त्या टाकीतलं काही घेऊ नका. पर मिटून कोपऱ्यात बसलेला मासा दया येऊनही घेऊ नका. पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन भरून मागा. ती कापडी पिशवीत गुंडाळा, अंधारात मासे शांत राहतात.

घरी आल्यावर बंद पिशवी टाकीत वीस मिनिटं तरंगत ठेवा. मग थोडं-थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला आणि शेवटी मासा जाळीने उचलून आत सोडा. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका, रोग त्यातूनच येतात. जुन्या टाकीत नवा मासा सोडण्याआधी त्याला दोन आठवडे वेगळ्या टबात, छोटा स्पंज फिल्टर लावून ठेवता आलं तर उत्तमच.

खाणं किती द्यायचं? सारखे मागतात.

ते मागतच राहणार. दोन मिनिटांत संपेल एवढं, दिवसातून दोनदा, आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. घरात आजी, मुलं, आपण असे तिघे खाऊ घालत असू तर ज्याने घातलं त्याने कॅलेंडरवर खूण करायची. पोळीचे तुकडे, पाव, शिळा भात अजिबात नको. ट्यूबिफेक्स नावाचे जिवंत किडे गटारांच्या गाळात वाढवलेले असू शकतात, त्याऐवजी गोठवलेल्या ब्लडवर्म अळ्या बऱ्या.

अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे आलेत.

हा इक नावाचा परजीवी. डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी एकदम गार होतं, तेव्हा मुंबईत हा सर्रास दिसतो. दाण्याच्या आत असताना त्याच्यावर औषध चालत नाही. तो गळून पडतो, तळाशी फुटतो आणि नवी पिल्लं पाण्यात पोहू लागतात, तेव्हाच मरतो. म्हणून हीटरने पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत न्या, त्याचं चक्र लवकर फिरतं. मॅलाकाइट ग्रीनचं औषध मापाने घाला, फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढून ठेवा आणि हवा वाढवा. दाणे दिसेनासे झाले तरी पुढे चार-पाच दिवस औषध चालू ठेवा. लोक इथेच थांबतात आणि रोग उलटतो. लोच किंवा बिनखवल्यांचे मासे असतील तर निम्मं माप. मिथिलीन ब्लू मुख्य टाकीत नको, ते फिल्टरचे जिवाणू मारतं.

मे महिन्यात मासे वर येऊन तोंड उघडतात.

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. दुपारी दिव्याला सुट्टी द्या, झाकणाखाली हवा खेळू द्या, एअर पंप वाढवा आणि पाण्यावर पंख्याचा वारा लावा. बर्फाचे खडे टाकू नका, तापमान झटक्यात उतरतं. टाकी खिडकीच्या उन्हात असेल तर हलवा, पाणी हिरवं होण्याचं कारणही तेच ऊन.

गणपतीला आठ दिवस गावी जातोय.

निर्धास्त जा. मोठे, धडधाकट मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात. निघायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, दिव्याला टायमर लावा, फिल्टर चालू. शेजाऱ्यांकडे खाण्याचा डबा ठेवू नका, प्रेमाने मूठभर घालतील. पंधरा दिवसांसाठी जात असाल तर कागदाच्या पुड्या बांधून, तारीख घालून फक्त तीन पुड्या द्या.

वीज गेली तर?

मुंबईत क्वचित जाते म्हणून तयारी नसते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्खी मुंबई बंद पडली तेव्हा मी मगाने पाणी उचलून वरून ओतत बसले होते. दर पंधरा मिनिटांनी तसं केलं तरी मासे तगतात. आता बॅटरीवरचा एअर पंप घरात असतो. त्या दिवसात खाणं द्यायचं नाही.

टाकी बंद करायची आहे. मासे तलावात सोडू?

पवईत नाही, विहिरीत नाही, नाल्यात नाही, देवळाच्या कुंडातही नाही. सकरसारखे परदेशी मासे आपल्याकडच्या पाण्यात सुटले की तिथल्या माशांची जागा आणि अन्न खातात, आणि मग त्यांना बाहेर काढता येत नाही. विहिरीत महापालिका डासांसाठी गप्पी सोडते, पण ते काम त्या खात्यावर सोपवा. मासे ओळखीच्या टाकीवाल्याला द्या किंवा दुकानात फुकट परत करा, बहुतेक दुकानं घेतात. एखादा मासा मेला असेल तर मोठ्या कुंडीत खोल पुरा.

आणि रिकामी टाकी बाल्कनीत तशीच ठेवू नका. पावसाचं बोटभर पाणी साचलं तरी आठवड्यात डासांच्या अळ्या होतात. पुसून कोरडी करा आणि माळ्यावर पालथी ठेवा.